चहाचं बलुतं

रामगोंडाचा शनिवार कुणी मोडलेला त्याला मुळीच खपत नसे. आठवड्याचे सहा दिवस त्यानं मळ्याला, बैलांना आणि बायकोला, गुणमालेला, देऊन टाकले होते. शनिवार तेवढा त्याचा स्वतःचा. सकाळी गाडी जुंपायची, डिग्रजच्या वाटेनं निघून आयर्विनचा पूल ओलांडायचा आणि सांगलीच्या पेठेत धन्यकुमार शेटच्या अडतीवर हळदीचा भाव विचारायचा. विकायला हळद असो वा नसो, भाव विचारायचाच. मग ऊन डोक्यावर आलं की बाळासोच्या हॉटेलात खिडकीजवळच्या बाकड्यावर टेकायचं, पटका काढून मांडीवर ठेवायचा आणि गप्प बसायचं.

बोलायची गरजच नव्हती. तिथं चहा देणारा सिद्धू त्याचं सगळं ओळखून होता. आधी शेवेची बशी, मग आलं घातलेला चहा, दूध जास्त, गोडी कमी. लढाईच्या दिवसांत साखर कंट्रोलात गेली आणि बाळासोनं गुळाचा चहा सुरू केला, तेव्हा सिद्धूनंच जवळ येऊन सांगितलं होतं, "अण्णा, आज गुळाचा हाय. गूळ तुमच्याच बाजूचा आसंल, तवा शिव्या घालायच्या त्या घरी जाऊन घाला." रामगोंडा त्या दिवशी हसत हसत दोन कप प्याला होता.

सिद्धू मूळचा माणदेशातला, दहिवडीपलीकडच्या एका वाडीचा. बायको रंगुबाई तिकडेच चार शेरडं सांभाळून होती, आणि हा वर्षातून दोनदा गावी जाऊन यायचा. सांगलीत त्याला वीस वर्षं झाली होती, त्यातली बारा रामगोंडाच्या ओळखीची. बारा वर्षांत दोघांचं बोलणं तरी काय झालं असेल? "तिकडं पाऊस?" असं रामगोंडा विचारायचा. "न्हाई," असं सिद्धू म्हणायचा. क्वचित "पडला थोडा" म्हणायचा, आणि त्या दिवशी रामगोंडालाही बरं वाटायचं. दोन पुरुषमाणसांचं याहून जास्त काय असतं? पण रामगोंडाला कुणी विचारलं असतं, की सांगलीत तुझं कोण आहे, तर त्यानं अडत्याचं नाव घेतलं नसतं, सख्ख्या मेहुण्याचंही घेतलं नसतं. त्यानं सिद्धूचं नाव घेतलं असतं.

हे सगळं छान चाललं होतं. बिघडवलं ते हंबीरराव हवालदारानं.

हंबीरराव खानापूरकडचा गडी. घरी ऊस, घरचं गुऱ्हाळ, तरी पलटणीत गेलेला. मिसर बघून, इटली बघून सेहेचाळीस साली परत आला आणि सांगलीत लॉरीच्या धंद्यात पडला. माणूस वाईट नव्हता, पण चार लोकांनी आपल्याकडे बघितल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. एके दिवशी चहा संपवून त्यानं खिशातून एक चवली काढली आणि रिकाम्या बशीत अशी टाकली, की सगळ्या हॉटेलाला खणकन ऐकू जावी. चहा एक आण्याचा, आणि बशीत दोन आणे!

"ही काय हवालदार?" सिद्धूनं विचारलं.

"टिप हाय ती. तिकडं सायबाच्या मुलखात चहा पाजणाऱ्याला द्याची रीत हाय. न्हाई दिली तर माणसं तोंडाकडं बगत्यात."

"मालकांचं पैसं निराळं?"

"ते निराळं. ही तुझी."

सिद्धूनं गल्ल्यावरच्या बाळासोकडे बघितलं. बाळासोला आपल्या गल्ल्यातलं काही कमी होत नाही एवढं कळलं, आणि त्यानं खुशाल मान हलवली.

झालं. साथ यावी तशी ही टिप सांगलीभर पसरली. आधी लॉरीवाले ठेवायला लागले, कारण हवालदार ठेवतो. मग अडतीवरचे मुनीम, कारण लॉरीवाले ठेवतात. मग कॉलेजातली दोन पोरं एका कपात दोघं चहा पिऊन बशीत एक पैसा ठेवू लागली, आणि तो ठेवताना असा आव आणू लागली की जणू संस्थानच्या खजिन्यातून काढून देतायत. तालुक्याहून कचेरीच्या कामाला येणारी साधी माणसं तर बिचारी घाबरून गेली. द्यावं तर परवडत नाही, न द्यावं तर सिद्धूची नजर पाठीला चिकटून बाहेरपर्यंत येते असं त्यांना वाटायचं. सिद्धू बघतसुद्धा नसे, पण वाटणाऱ्याला कोण काय करणार? एकजण रोज बशीवर कप पालथा घालून जायचा. सगळ्यांना वाटावं खाली काहीतरी आहे, आणि खाली काही नसायचं. एकजण चवली ठेवायचा आणि उठताना सुपारी उचलल्यासारखी पुन्हा उचलायचा. धन्यकुमार शेटनं यावर त्याच्या परीनं तोड काढली. महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, चार माणसं बघत असताना चार आण्यांची एक पावली द्यायची आणि महिनाभर निर्धास्त चहा प्यायचा. हॉटेलातून ही रीत न्हाव्याच्या दुकानात गेली, तिथून टांगेवाल्यांकडे, आणि सिनेमाच्या दारावरचा माणूस तर तिकीट फाडायच्या आधीच तळहात पुढे करू लागला. इतकी वर्षं जी माणसं सुखानं चहा पीत होती, केस कापून घेत होती, ती उगाच खिसे चाचपत उठायला लागली.

रामगोंडाची अडचण मात्र या सगळ्यांहून निराळी होती. तो चिक्कू नव्हता. सिद्धूनं मागितलं असतं तर त्यानं कोटातून दहाची नोट काढून दिली असती. पण बशीत? रामगोंडा चहा पिणार तो बशीत ओतून, फुंकर घालून. ती बशी उष्टी. तिच्यात तळाला चहाचा थेंब, काठाला त्याच्या मिशीचा ओघळ, आणि तिच्यात लक्ष्मी टाकायची? पेठेत हळदीचे पैसे हातात आले की आधी कपाळाला लावल्याशिवाय तो खिशात घालत नसे. त्याच हातानं उष्ट्यात नाणं टाकायचं हे काही त्याला जमेना. एका शनिवारी त्यानं मनाचा हिय्या करून आणा काढला, बशीपर्यंत नेला, आणि तळाशी चिकटलेली चहाची पूड बघून परत खिशात घातला.

पुढच्या शनिवारी त्यानं हातात द्यायचं ठरवलं. पण सिद्धूच्या दोन्ही हातांत सहा कप. त्याच्यासमोर आणा धरून उभं राहिल्यावर रामगोंडाला वाटलं, हे तर देवळाबाहेर देतात तसं दिसतंय. त्यानं हात मागे घेतला. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यानं आणा बाकड्यावर ठेवला, कोरड्या जागी, आणि चोरासारखा बाहेर पडला. पन्नास पावलं गेला नसेल, तोच मागून कुणी तरी धावत आलं. त्याच्या जागेवर येऊन बसलेला एक सज्जन वाटसरू! "आवं पावणं, तुमचा आणा ऱ्हायला की बाकड्यावर!" त्यानं भर रस्त्यात रामगोंडाच्या मुठीत तो आणा कोंबला आणि पुण्य केल्याच्या समाधानात परत गेला. रामगोंडानं त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या जैन माणसाच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या.

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण पौषातल्या एका शनिवारी रामगोंडा बसलेला असताना हंबीरराव मागाहून आला आणि सिद्धूनं चहा आधी हंबीररावाला दिला. बाहेर लॉरी चालू ठेवून हवालदार आत आला होता, घाईत होता, कारण एवढंच होतं. पण रामगोंडाला ते दिसलंच नाही. त्याला दिसली ती बशी आणि तिच्यात पडणारी चवली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचा चहा दुसऱ्या नंबरला आला होता, आणि तो घशाखाली उतरेना.

त्यानंतर तो खिडकीकडे तोंड आणि हॉटेलाकडे पाठ करून बसू लागला. चहा आला की पिऊन टाकायचा, मालकाचा आणा गल्ल्यावर ठेवायचा आणि चालू पडायचं. पावसाचं विचारणं बंद झालं. मग दोन शनिवार तो हॉटेलात गेलाच नाही. पुलाच्या अलीकडे एका टपरीत चहा प्याला. तो चहा म्हणजे भांडी विसळलेलं गरम पाणी. तरी तो प्याला, दोन्ही शनिवारी प्याला, आणि संध्याकाळी घरी येऊन बैलांवर ओरडला.

गुणमाला हे बघत होती. ती बेळगावकडची, बोलायला मऊ, पण तिच्यापासून काही लपत नसे. दुसऱ्या शनिवारी तिनं त्याला दिवस मावळायच्या आत जेवायला वाढलं आणि समोरच बसली.

"आवं, सांगलीत कुणाशी भांडलासा?"

"कुणाशी न्हाई."

"मग बैलानं काय केलं?"

रामगोंडानं भाकरीचा घास तसाच हातात धरला आणि सगळं सांगून टाकलं. हवालदार, चवली, उष्टी बशी, बाकड्यावरचा आणा, मागून आलेला चहा. सांगताना त्याचा आवाज कापला, आणि पंचावन्न वर्षांच्या माणसाचा आवाज चहावरून कापावा याची त्याची त्यालाच लाज वाटली.

"मला तेच्यासाठी काय करायचं न्हाई आसं न्हाई गं. पर तिथं जाऊन बसलं की मला वाटतंय, ह्यो माझ्याकडं फुकट्या म्हणून बगतोय. माझं सांगलीत जायचं मनच उडालंय."

सांगून मोकळा झाल्यावर रामगोंडाचं डोकं आपोआप चालू लागलं. डोकं चालू लागलं की तो नेहमी चुकायचा. पण या वेळी त्याला वाटलं, अगदी देवानंच सुचवलं. आपला सुतार वर्षभर नांगर-कुळव सांभाळतो, त्याला आपण दर वेळी पैसा देतो का? नाही. न्हावी पंधरा दिवसाला येऊन हजामत करतो, त्याच्या हातावर कधी आणा ठेवला का? नाही. सुगी झाली की खळ्यावरून ते आपलं वर्षाचं धान्य घेऊन जातात. त्याला बलुतं म्हणतात. ना कुणी मागायचं, ना कुणी मोजायचं. उष्टं नाही, खरकटं नाही, स्वच्छ नवं धान्य! मग सिद्धूनं बारा वर्षं चहा पाजला, त्याचं बलुतं का नाही? त्यानं हा बेत तिथंच बोलून दाखवला.

"तेला इचारलंसा?" गुणमालेनं विचारलं.

"देणाऱ्यानं इचारायचं आसतं व्हय?"

"घेणारा कोण हाय ते तरी इचारायचं."

पण तो आता कुणाचं ऐकणार नव्हता. महाशिवरात्रीच्या आसपास शाळू जोंधळा खळ्यावर आला. मळणी झाली, उफणणी झाली, रास पडली. त्या वर्षी दाणा टपोरा होता, मोत्यासारखा. सुतार, लोहार, न्हावी आपापलं घेऊन गेले, आणि रामगोंडानं आठ पायल्या निवडक शाळू नव्या पोत्यात भरून पोत्याचं तोंड स्वतः शिवलं. त्या शनिवारी गाडीतून जाताना तो गाणं म्हणत होता. त्याला गाणं येत नसे, तरी म्हणत होता.

दुपारी हॉटेल भरलेलं होतं. हवालदार होता, धन्यकुमार शेट होता, कॉलेजची पोरं होती. रामगोंडानं पोतं पाठीवर घेतलं, दारात एकदा अडखळला, आणि थेट मधोमध येऊन धापकन खाली टाकलं.

"सिद्धू," तो धापा टाकत म्हणाला, "हे तुजं. वर्साचं बलुतं. आमचं बशीतलं काम न्हाई गड्या, आमचं खळ्यावरचं काम!"

कॉलेजची पोरं खुदखुदली, हवालदारानं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "आरं, ही तर सगळ्या पलटणीची टिप झाली!" बाळासो गल्ल्यावरून ओरडला, धान्यावर कंट्रोल आहे, पोतं इथून हलवा. रामगोंडाचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. तो सिद्धूच्या तोंडाकडे बघत होता. त्या तोंडावर हसू नव्हतं, आनंदही नव्हता. सिद्धूनं हातातले कप फळीवर ठेवले.

"अण्णा," तो हळू म्हणाला, "हे परत घिऊन जावा."

"का रं? कमी हाय?"

"जरा मागं या."

हॉटेलाच्या मागे कप विसळायचा हौद होता. तिथं दोघं उभे राहिले. सिद्धूनं ओले हात धोतराला पुसले. मग पुन्हा पुसले.

"मी कुनाचा, ते म्हाईत हाय तुमाला?"

रामगोंडाला माहीत नव्हतं. बारा वर्षांत त्यानं पावसाचं विचारलं होतं, हे कधी विचारलं नव्हतं.

"सुताराचा," सिद्धू म्हणाला. "माजा बा चाळीस वरसं गावचं नांगर, गाड्या, दारं, समदं करायचा. सुगीला खळ्याखळ्यावर जाऊन हुबा ऱ्हायचा. मी धाकटा, पोतं धरायला संगं. आमच्या मुलखात कवा पिकायचं, कवा न्हाई. पिकलं तरबी मालक म्हनायचा, थांब रं, आदी रास घरला जाऊ दे. बा थांबायचा. उन्हात. सांजपातुर थांबायचा. मग खळं झाडून ऱ्हायलं ते पोत्यात पडायचं, त्यात निम्मी माती. एका वर्सी एकजन म्हनला, औंदा दार नीट बसलं न्हाई, औंदा तुला न्हाई. बा तेच्या पाया पडला. मी बगत हुतो. तवाच मी मनाशी म्हनलं, काय वाट्टंल ते करीन, खळ्यावर हुबा ऱ्हाणार न्हाई. बा हुता तवर गावात काडली, त्यो गेला तसा सांगलीला पळून आलो."

रामगोंडानं मान खाली घातली.

"लोकं म्हंत्यात टिप म्हंजी भीक. मला तसं वाटत न्हाई. हवालदार चवली टाकतो आन् निगून जातो. म्या तेच्या पाया पडलो न्हाई, का तेच्या दारात थांबलो न्हाई. उद्या नाय टाकली तरबी चहा त्योच देनार. ती चवली सुटी हाय, अण्णा. तिला दोरी न्हाई. बलुत्याला दोरी आस्ती."

"मला तसं नव्हतं म्हनायचं, सिद्धू."

"त्ये मला कळतंय की." सिद्धूचा आवाज आता निवळला होता. "आन् तुमच्याकडनं मला चवलीबी नगं हुती. तुमी न दिल्याचं मला कवाच वाईट वाटलं न्हाई. वाईट वाटलं ते तुमी पाठ करून बसाय लागलासा तेचं. आन् दोन शनवार आलाच न्हाईसा. मी चहा करून ठेवला हुता. दोनीबी शनवारी."

रामगोंडाला एकदम रडू आलं. हौदाजवळ उभा राहून तो पटक्याच्या टोकानं डोळे पुसत होता आणि आतून बाळासो सिद्धूच्या नावानं शंख करत होता. त्याला आपल्या टपरीवरच्या चहाची आठवण झाली आणि आपण किती मूर्ख आहोत हे त्याला लख्ख कळलं. पण मन इतकं हलकं झालं होतं, की मूर्खपणाचं त्याला काहीच वाटेना.

"मग ह्या पोत्याचं काय करू? गाडीतनं परत न्हेलं तर गुणमाला मला घरात घ्यायची न्हाई."

सिद्धूनं जरा विचार केला. "दाना चांगला हाय?"

"बग की."

रामगोंडानं पोतं आतून ओढून आणलं. त्याच्या शिवणीत बोट घालून सिद्धूनं चार दाणे काढले, दातांखाली धरले. सुताराच्या पोराला धान्य कळत होतं. "इकत द्या," तो म्हणाला. "पेठंत जो भाव आसंल त्यो. एक पैसा कमी घेतलासा तर घ्यायचा न्हाई मी. रंगुबाईला लावून दीन. तिकडं राशनचं किडकं खाऊन बेजार झाल्यात समदी."

रामगोंडाला ते मान्य करायला जड गेलं. द्यायला आणलेल्या धान्याचे पैसे घ्यायचे? पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून त्यानं भाव सांगितला, खरा सांगितला. सिद्धूनं कोनाड्यातून एक रुमाल काढला. त्यात चवल्या, आणे, पैसे, टिपेचे सगळे. ते त्यानं रामगोंडाच्या ओंजळीत ओतले. रामगोंडाचे हात सवयीनं वर गेले आणि त्यानं ते पैसे कपाळाला लावले. कुणाकुणाच्या उष्ट्या बशांतून ते आले होते हे त्याच्या ध्यानात आलं ते खिशात घातल्यावर. मग त्यानं ते ध्यानातून काढून टाकलं.

"सिद्धू, आमुशाला हॉटेल बंद आस्तं न्हवं?"

"व्हय."

"मग घरला ये जेवाया."

"कशापायी?"

"कशापायीबी न्हाई. नुसता ये. दोरी न्हाई," रामगोंडा म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी सिद्धू मनापासून हसला.

अमावास्येला तो आला. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात बत्तासे. गुणमालेनं पुरण घातलं होतं, कटाची आमटी केली होती, शेंगदाण्याची चटणी, तूप. ऊन उतरायच्या आतच पाट मांडला, ताटाभोवती रांगोळीची रेघ ओढली आणि त्याला बसवलं. मग तव्यापुढे बसून ती आतून ओरडली, "आवं, मी पोळ्या करतीया. तुमीच वाडा पावण्यास्नी."

रामगोंडानं जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. त्यानं पोळी ताटाच्या बाहेर टाकली, तूप पोळीऐवजी चटणीवर ओतलं, आमटीची पळी वाटीवर अशी उपडी केली की निम्मी आमटी पाटावर. सिद्धूला ते बघवेना. तो उठला, "द्या हिकडं, अण्णा." गुणमाला आतून म्हणाली, "बसा हो पावणं." तो बसला. रामगोंडा पाण्याचा तांब्या विसरला तेव्हा तो पुन्हा उठला. "बसा हो!" दुसऱ्या पोळीला तो तिसऱ्यांदा उठला, तेव्हा गुणमाला उलथनं घेऊन दारात आली.

"तुमाला बसवत कसं न्हाई वो?"

"सवं न्हाई, अक्का," सिद्धू ओशाळून म्हणाला. "सांगलीत वीस वरसांत मला कुनी असं वाडलं न्हाई. म्या वाडायचं आन् लोकांनी खायाचं."

"वय काय तुमचं?"

"सत्तावन भरली."

"मग तुमी ह्यांच्यापरास थोरलं. थोरल्यानं धाकट्याच्या घरात गप बसून जेवायचं."

सिद्धू बसला. यावेळी त्यानं मांडी नीट घातली, टोपी काढून शेजारी ठेवली आणि मान खाली घालून जेवू लागला. पहिल्यांदा सावकाश, मग भूक लागलेला माणूस जेवतो तसा. रामगोंडा पळी घेऊन समोर उभा होता. अंगणात बैल रवंथ करत होते, आत तव्यावर पोळी फुगत होती. तिसरी पोळी निम्मी झाली तेव्हा सिद्धूनं वाटी बोटानं पुढे सरकवली आणि वर न बघता म्हणाला,

"रामगोंडा, आमटी घाल की रं जरा."

म्हणून गेला, आणि आपण काय म्हणालो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो जेवत होता. पण रामगोंडा जागच्या जागी थांबला. आई गेली, थोरला भाऊ गेला, तेव्हापासून त्याला नुसत्या नावानं हाक मारून 'रं' म्हणणारं माणूस जगात उरलं नव्हतं. गावाला तो अण्णा होता, पेठेला पाटील होता, गुणमालेला आवं होता. त्याला लय बरं वाटलं. इतकं, की पळीत आमटी उरली नाही हे त्याला बऱ्याच वेळानं दिसलं.

तो घाईघाईनं आत गेला आणि गुणमालेपुढे पातेलं सरकवलं.

"काय पायजे पावण्यास्नी?"

"आमटी," रामगोंडा म्हणाला. "लवकर दे. थोरला थांबलाय."